टाळूशिवाय

श्रावणात मुदखेडहून मला एक अंतर्देशीय पत्र आलं. गणपती बसले, महालक्ष्म्या जेवून उठल्या, तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. उत्तर एका वाक्याचं होतं आणि तेच मला जमत नव्हतं.

पत्र लिहिणारे गुरुलिंग स्वामी. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. मुदखेडच्या आसपासच्या गावांत लिंगायतांच्या घरी मूल जन्मलं की लिंगधारणेला ते जातात. मोठ्या माणसांना दीक्षाही देतात. दीक्षा देताना स्वामी माणसाच्या कानाशी तोंड नेऊन ‘ॐ नमः शिवाय’ म्हणतात, शेजारी बसलेल्यालाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू. त्यांचे वडील हेच करत, आजोबाही हेच.

पत्र असं होतं:

‘राजशेखरअप्पा यांना शरणार्थ. तुमची पुतणी मंजुषा नांदेडच्या दवाखान्यात भेटली. तिनं तुमचा पत्ता दिला. तुम्ही फोन घेत नाही म्हणाली, म्हणून लिहितो. माझ्या डाव्या गालाच्या आतल्या पोकळीत गाठ निघाली आहे. त्या बाजूचा वरचा जबडा काढावा लागेल म्हणतात. टाळूला भोक राहील, त्यावर प्लेट बसवतील. डॉक्टर म्हणतात, नंतर बोलता येईल. पण डॉक्टरांचं बोलणं म्हणजे जेवलात का, झोपलात का, एवढंच. तुमचं हेच ऑपरेशन झालं आहे आणि तुमच्या गळ्यात लिंग आहे, म्हणून तुम्हाला विचारतो. प्लेट घालून ‘नमः शिवाय’ शुद्ध म्हणता येतं का? येत असेल तर ऑपरेशन करून घेतो. येत नसेल तर आहे ते राहू दे. अशुद्ध मंत्र कुणाच्या कानात घालण्यापेक्षा ते बरं. तुमचं एक वाक्य पुरे.’

स्वामीनं आधी शरणार्थ म्हणायची आमच्यात रीत नाही. आम्ही वाकायचं, त्यांनी आशीर्वाद द्यायचा. त्या पहिल्याच शब्दानं मी गडबडलो. हा माणूस घाबरलेला आहे आणि भलत्याच माणसाकडे आला आहे, असं वाटलं. मी आयुष्यभर कॉलेजात ग्रंथपाल होतो. कुणी काही विचारलं की मी पुस्तक काढून देत असे. माझं स्वतःचं मत कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, उद्या सांगतो.

पण खरी अडचण वेगळी होती. मला उत्तर माहीत नव्हतं. रोज सकाळी मी लिंग तळहातावर घेऊन पूजा करतो, पण मनातल्या मनात. ऑपरेशननंतर मी तो मंत्र मोठ्यानं म्हटलेलाच नव्हता. आता म्हणून पाहिला. मला तर स्वच्छ ऐकू आला. पण स्वतःचा आवाज माणसाला कवटीच्या आतून ऐकू येतो. तो बाहेर कसा पोचतो हे सांगायला दुसऱ्याचा कान लागतो. तेवढ्यासाठी कुणाकडे जावं हे मला सुचेना.

माझ्या दुखण्याची सुरुवात नाक चोंदण्यानं झाली होती. डाव्या बाजूचंच नाक चोंदायचं. मी म्हटलं, पुस्तकांची धूळ. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी धूळच म्हणत राहिलो. घरातही पुस्तकं होतीच. रुमालावर कधी रक्ताचा ठिपका दिसला तर मी पुस्तकं पुसायला काढायचो. मग वरची दाढ हलायला लागली. ती काढली. दाढेची जागा भरून आली नाही, उलट तिथून मांस वर येऊ लागलं. एकदा दाढी करताना डाव्या गालाला कापलं आणि मला कळलं नाही. सुकन्या, माझी बायको, म्हणाली, “अहो, रक्त येतंय.” मी हात लावला. गाल दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा लागला. तेव्हा आम्ही नांदेडला गेलो.

वरच्या जबड्याच्या हाडात, नाकाच्या दोन्ही बाजूंना, एकेक पोकळी असते. रिकामी, हवेची. तिथं गाठ झाली तर ती बराच काळ कुणाला त्रास देत नाही, कारण तिला वाढायला जागा असते. हे मला डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मी विचारलं, हे कोणत्या पुस्तकात आहे. सुकन्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी गप्प बसलो.

माझा डावीकडचा वरचा जबडा काढला, दातांसकट, टाळूच्या अर्ध्या भागासकट. पहिले काही दिवस तिथं पट्टी भरलेली होती. मग तात्पुरती प्लेट आली. वरून गोळा असलेली कवळीच म्हणा. गोळा पोकळीत बसतो आणि भोक बुजतं. ती धुवायला काढली की पाणी प्यायलेलं नाकातून येई आणि बोललेलंही नाकातून जाई. ब म्हणायला गेलो की म होई, ड चा न होई. व्याकरणात पाचही अनुनासिकं मी पाठ केली होती, पण ती अशी घरी राहायला येतील असं वाटलं नव्हतं. एकदा प्लेट काढलेली असताना मला भूक लागली आणि मी म्हणालो, डबा. बाहेर आलं, नमा. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची आई होती, तिनं पटकन हात जोडले. तिला वाटलं मी देवाचं नाव घेतोय. मी पुन्हा डबा म्हणालो, तिनं पुन्हा हात जोडले. सुकन्या मात्र न हसता उठली आणि खिचडीचा डबा उघडला.

तिला सगळं कळत असे. पुढं पक्की प्लेट आली, बोलणं सुधारलं म्हणाले सगळे, पण माझा त्यावर कधी पूर्ण विश्वास बसला नाही. जेवण झालं की मी प्लेट काढून धुवायचो, टाळूला जरा मोकळं ठेवायचो, आणि तेव्हा आम्ही दोघं बोलत बसायचो. तिच्याशी बोलताना मला प्लेटची गरज वाटली नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून दुकानदाराला बोटानं दाखवून वस्तू घेतो. फोन वाजला तर वाजू देतो. मंजुषा मेसेज लिहिते, मी मेसेज लिहितो. पलीकडचा माणूस “काय? काय?” करेल, त्यापेक्षा हे सोपं.

तर स्वामींच्या पत्राला उत्तर द्यायला मला एक कान हवा होता आणि माझ्याकडे तो नव्हता.

आधी मी फोनचा उपयोग करून पाहिला. हल्ली फोनला सांगितलं की तो ऐकून लिहितो. मी दार लावून घेतलं, फोन तोंडासमोर धरला आणि म्हणालो, ॐ नमः शिवाय. अक्षरं उमटली, काना-मात्रेची चूक नाही. मला इतका आनंद झाला की मी पत्र लिहायला कागदही घेतला. मग शंका आली. मी पुन्हा फोन धरला आणि फक्त ॐ नम म्हणून थांबलो. फोननं पुढचं स्वतःच लिहिलं. तिसऱ्यांदा ‘नम’ म्हणून खोकलो. तेव्हाही शिवाय आलंच. यंत्रालाही मंत्र पाठ होता. कागद मी परत ठेवून दिला.

मग लक्षात आलं की ही अडचण फोनपुरती नाही. अख्ख्या लातुरात ज्याला ‘नमः शिवाय’ ठाऊक नाही असा माणूस मला कुठं मिळणार? मी काही का पुटपुटेना, ऐकणारा आपल्या मनानं ते पुरं करणार. ज्याला मंत्र माहीत आहे त्याचा कान या कामाला निरुपयोगी. ज्याला माहीत नाही तो कान तान्ह्या बाळाचा, आणि बाळ सांगणार कसं?

अशा विचारात मी दिवस काढत होतो, आणि ते विचार खरे असतील किंवा नसतील, पण त्यांच्यामुळे लिहिणं टळत होतं. एका सकाळी मंजुषाचा मेसेज आला. ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसते. तिनं लिहिलं होतं:

‘काका, स्वामी काल येऊन गेले. सही करत नाहीत. लातूरहून पत्र येऊ द्या म्हणतात. डॉक्टर म्हणाले, अजून डोळ्याखालचं हाड शाबूत आहे, आत्ता केलं तर डोळा वाचेल आणि माणूसही. पुढचं सांगता येत नाही. तुम्ही काय ते लिहा ना. नाही म्हणायचं असेल तर नाही लिहा.’

मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. मी गप्प आहे म्हणजे उत्तर लांबलं आहे, असं मी समजत होतो. तिकडे मुदखेडला माझं गप्प बसणंच नकाराचं काम करत होतं.

दुपारी मी पत्र खिशात घालून शेजारी गेलो. शेजारी सिद्धम्मा राहते, उदगीरकडची. तिचा मुलगा संगमेश गंजगोलाईत भांड्यांचं दुकान चालवतो. सुकन्याची ती जिवाभावाची मैत्रीण. सुकन्या गेल्यावरही तिच्याकडून मला वाटीत काही ना काही येत असे, आणि मी मान हलवून वाटी घेत असे. तिच्या ओट्यावर मी दोन वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. ती सुपात डाळ निवडत बसली होती. मला फाटकाशी पाहून तिनं सूप बाजूला सारलं.

“या की अप्पा,” ती म्हणाली. “वाटी परत द्यायला आलात का घर चुकलात?”

मी पत्र पुढं केलं. तिनं ते उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. चष्मा आत होता, आणि उठायचा तिला कंटाळा आला होता. “वाचा तुमीच,” म्हणाली.

मला दुसरा उपाय नव्हता. मी ओट्याच्या कडेला बसलो आणि पत्र वाचू लागलो. सुरुवातीला माझाच आवाज मला परका वाटला, इतक्या दिवसांत इतकी सलग वाक्यं मी बोललो नव्हतो. ती मधेच दोनदा थांबवून विचारत गेली. एकदा म्हणाली, कुठली पोकळी, आणि एकदा जबडा हा शब्द तिला कळला नाही, तो मी पुन्हा म्हणालो. बाकी ती मान हलवत ऐकत होती. स्वामींनी आधी शरणार्थ लिहिलंय हे ऐकून तिनं जिभेनं च्च केलं.

वाचून झाल्यावर मी तिला माझी अडचण सांगितली. मग म्हणालो, “आता मी मंत्र म्हणतो. कसा येतो ते सांगा.” आणि म्हटला.

“आला की. चांगला आला.”

“तुम्हाला तो माहीत आहे म्हणून आला. मी खोकलो असतो तरी तुम्हाला शिवाय ऐकू आलं असतं.”

ती हसली. “हाव, ते बी खरंय. आमच्या सासूचं मांजर बी शिवायच म्हणतंय असं सासू सांगायची.” मग तिनं सूप परत मांडीवर ओढलं आणि डाळीकडे बघत म्हणाली, “पन अप्पा, आत्ता अख्खं पत्र वाचलं तुमी. ते मला कुठं पाठ हुतं?”

मी पत्राकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत भरलेला निळा कागद. पोकळी, जबडा, एवढे दोन शब्द सोडले तर सगळं तिच्यापर्यंत पोचलं होतं. मी ज्याला शोधत होतो तो अनोळखी मजकूर माझ्या हातात होता आणि तो मी नुकताच एका माणसाला ऐकवला होता. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिच्या आलं.

“तुम्हाला खरंच कळलं?” मी विचारलं.

“न कळायला काय झालं? जरा नाकात बोलता. आमचा संगमेश बी सर्दी झाली की तसंच बोलतो.” तिनं डाळीवरून हात फिरवला. “दोन वर्षं झाली, तुमी कुनाशी बोललात तर कळंल ना. गल्लीतल्या बायका काय म्हनत्यात म्हाईत हाय? सुकन्या होती तवर बोलत हुते, आता मोठे झाले. पुस्तकाचा ताठा हाय म्हनत्यात.”

ताठा. मला हसू यावं की रडू हे कळेना. ज्या माणसानं भाजीवाल्याला दोडका आहे का हे विचारावं लागू नये म्हणून महिनोन्‌महिने समोर दिसणारा बटाटा खाल्ला, त्याला ताठा. मी म्हणालो, मला वाटलं लोकांना कळणार नाही. ती म्हणाली, लोकांना वाटलं तुम्हाला बोलायचं नाही. आणि डाळीतला खडा काढून अंगणात टाकला.

मग तिनं विचारलं, “आनि ती प्लेट काढल्यावर?”

स्वामींनी हे विचारलं नव्हतं. पण ते त्यांना कळायला हवं होतं, कारण पक्की प्लेट यायला महिने जातात, आणि आल्यावरही रोज ती काढावी लागते. दवाखान्याबाहेर माझा प्लेट काढलेला चेहरा सुकन्याशिवाय कुणी पाहिला नव्हता. प्लेट काढली की डावा गाल आत बसतो. शेवटी अंगणातल्या नळाशी गेलो, पाठ फिरवली, प्लेट काढून धुतली आणि हातात धरून, भिंतीकडे तोंड करूनच, मंत्र म्हटला.

मी पुन्हा म्हटला.

“नमः येतंय,” ती म्हणाली. “पुढं नुसता वारा.”

मी मान हलवली. ते बरोबर होतं. न आणि म नाकातलेच. त्यांना टाळूची पर्वा नसते. श ला टाळू लागतो. तोंडात हवा कोंडून धरावी लागते, आणि माझी हवा कोंडायच्या आधीच वर निघून जात होती.

“हे तर मला ओळखीचंय,” ती म्हणाली. “जेवनानंतर भिंतीतून यायचं. तुमचं दोघांचं. सुकन्याचं कळायचं, तुमचं कळायचं न्हाई. मला वाटायचं तुमी तेलगू बोलता.”

मी प्लेट बसवली आणि वळलो. ती डोळ्याला पदर लावत होती, पण हसतही होती, त्यामुळे मला नक्की सांगता येणार नाही.

मी म्हणालो की स्वामींना काय लिहावं ते अजून कळत नाही. ‘शि’ म्हणताना थोडी हवा सुटते. शुद्ध म्हणावं तर खोटं होईल आणि अशुद्ध म्हणावं तर एक माणूस त्या शब्दावर मरेल.

सिद्धम्मानं सूप खाली ठेवलं. मग तिनं तिच्या दीक्षेची गोष्ट सांगितली. ती लहान होती, उदगीरला. स्वामी म्हातारे होते, तोंडात एक दात नव्हता. आजीनं तिला मांडीवर घट्ट धरलं होतं. स्वामी कानाशी आले.

“त्यांनी काय म्हटलं ते मला आजपतूर कळलं न्हाई,” ती म्हणाली. “दाढी टोचली. तेवढंच ध्यानात हाय. मंत्र आजीकडून आला, ती दळताना म्हनायची. पन कुनी विचारलं, तुला दीक्षा कुनी दिली, तर मी आजीचं नाव घेत न्हाई. स्वामींचंच घेते.”

मी माझी दीक्षा आठवून पाहिली. कानात गरम श्वास आला होता आणि विभूतीचा वास होता. शब्द कसा होता, शि कसा होता, काही आठवेना. ज्या गोष्टीसाठी गुरुलिंग स्वामी जीव द्यायला निघाले होते ती मला दिली गेली होती, आणि माझ्याकडे तिचा फक्त श्वास शिल्लक होता.

घरी येऊन लिहायला बसलो. पहिला कागद फाडला, कारण त्यात मी स्वामींना उपदेश करत होतो. उच्चारापेक्षा भाव मोठा वगैरे. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि तरी त्यांनी विचारलं होतं. दुसरा कागद फाडला, त्यात मी ध्वनिशास्त्र लिहीत सुटलो होतो. तिसऱ्यात मी इतक्यांदा ‘माझ्या अल्पमतीप्रमाणे’ लिहिलं की मलाच कंटाळा आला. चौथा असा झाला:

‘गुरुलिंग स्वामींना शरणार्थ.

‘उत्तराला उशीर झाला. तुम्ही जे विचारलं ते मला माहीत नव्हतं, विचारायला माणूस नव्हतं. आज शेजारच्या बाईंना तुमचंच पत्र वाचून दाखवलं आणि मग मंत्र म्हटला. त्यांनी सांगितलं ते लिहितो. प्लेट घालून नमः स्वच्छ येतो. वाय स्वच्छ येतो. शि म्हणताना थोडी हवा नाकातून सुटते. सर्दी झालेल्या माणसासारखा येतो. अर्थ चुकत नाही, अक्षर बदलत नाही. माझी प्लेट जुनी आहे, आता सैल झाली आहे. नवी केली तर सुधारेल असं डॉक्टर मागं म्हणाले होते, मी ते मनावर घेतलं नाही. प्लेट काढल्यावर फक्त नमः राहतं.

‘हे शुद्ध की अशुद्ध, ते ठरवण्याचा अधिकार माझा नाही. मात्र दोघांनी, मी आणि या बाईंनी, आठवून पाहिलं. आमच्या कानात मंत्र दिला गेला तेव्हा तो कसा उच्चारला होता ते आम्हा दोघांनाही आठवत नाही. कुणी दिला ते आठवतं.

‘तुम्ही विचारलं नाही ते लिहितो. भाकरी खाता येते, वरणात भिजवून, उजव्या बाजूनं. डाव्या गालाला अजून स्पर्श कळत नाही. पाणी सावकाश प्यावं लागतं. हे सगळं सवयीचं होतं. सवयीचं होत नाही ते एवढंच, की पहिले काही महिने आपण बोलतो ते लोकांना कळत नाही, आणि मग माणूस बोलणं सोडतो. मी सोडलं. ते सोडायचं कारण नव्हतं असं आज कळलं.

‘म्हणून एक विनंती. तुम्ही सही केली तर मंजुषाला सांगा, ती मला कळवेल. मी नांदेडला येतो. प्लेट नसताना ब चा म होतो, ड चा न होतो, ग चा तर पत्ताच लागत नाही. ही बोली मला येते. तुमच्या घरचे ती शिकेपर्यंत, तुम्ही काय मागता ते मी त्यांना सांगत जाईन. तुम्हाला मंत्र म्हणून पाहायचा असेल तेव्हा ऐकायला मी बसेन, आणि चूक झाली तर चूक आहे असंच सांगेन.

‘आपला, राजशेखर.’

शेवटचा परिच्छेद लिहून झाल्यावर मी घाबरलो. नांदेडला येतो, दवाखान्यात बसतो, असं मी कुणाला कधी लिहिलं नव्हतं. त्यांनी कशाला बोलवावं मला? पण तो भाग कापला तर बाकीच्या पत्रात काही उरत नव्हतं. मी पाकीट चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी हेड पोस्टात गेलो. साधं टाकलं तर किती दिवस लागतील याचा नेम नव्हता, म्हणून स्पीड पोस्टाच्या खिडकीत रांगेत उभा राहिलो. पत्ता मी मोठ्या अक्षरांत लिहिला होता, बोलावं लागू नये एवढ्याचसाठी. पाकीट आत सरकवलं. खिडकीतल्या बाईंनी ते वजनकाट्यावर ठेवलं आणि पत्त्याकडे न बघता विचारलं, “कुठं जायचंय?”

मी पाकिटाकडे बोट दाखवणार होतो.

“मुदखेड,” मी म्हणालो.

“काय?”

मागच्या माणसानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “मुदखेड,” मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं. “नांदेड जिल्हा.”

“मुदखेड,” बाई म्हणाल्या आणि टाईप करू लागल्या. त्यांनी पाकिटावर पट्टी चिकटवली, पावती माझ्यासमोर ठेवली आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.